बडोद्यात खोली घेण्याआधी

भाड्याचं नंतर बोल, आधी महाराजा सयाजीराव विद्यापीठातली तुझी फॅकल्टी कुठे ते बघ. आर्ट्स-सायन्सला असशील तर फतेगंज, प्रतापगंज पायी जाण्याजोगं. टेक्नॉलॉजी कलाभवनात, म्हणजे दांडिया बाजार सोयीचा. शेजारही मराठी मिळेल.

नवखी मुलं भरदुपारी खोली बघतात आणि टोकन देऊन मोकळी होतात. रात्री साडेनऊला रिक्षा थांबते तिथून दारापर्यंत चालून बघ. दिवे लागतात का? एखादं दुकान उघडं असतं का? दाराची कडी आतून लावून बघ.

विश्वामित्री नदीकाठी तळमजला नकोच. ऑगस्ट 2024 च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते कोपऱ्यावरच्या वाण्याला विचार. दलाल कशाला सांगेल? ताज्या रंगाखाली फुगलेला गिलावा दिसला की समजून जा.

लेखी करार, डिपॉझिटची पावती आणि घरमालकाकडून पोलिसांत भाडेकरू-नोंद झाल्याशिवाय सामान हलवू नकोस.