मलिद्याचं ताट मांड, बाकीचं मागून येईल

प्रश्न : मावशी, मी २३ वर्षांची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. नोकरीसाठी घरापासून लांब राहते. ऑफिसात ज्यू म्हटलं की सगळे बेगल नि हमसचं विचारतात. आमच्याकडे यातलं काहीच होत नव्हतं. आजी होती तोवर मलिदा, म्हणजे आमचा गोड पोह्यांचा प्रसाद व्हायचा, नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, हलवा व्हायचा. आता तेही बंद. शमा ही रोजची प्रार्थना सोडून मला हिब्रू येत नाही. मैत्रिणी म्हणतात, तुम्ही तर आमच्यासारखेच! कधीकधी वाटतं, मी खरी ज्यू आहे का? यंदा घरात काहीतरी करायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : अगं, बेगल मीसुद्धा साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा खाल्लं. चिवट लागलं. ते पूर्व युरोपातल्या ज्यूंचं खाणं, त्यांना लखलाभ. आपले पूर्वज, जुनी मंडळी सांगतात त्याप्रमाणे, नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी धर्माप्रमाणे बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आपल्या धर्मात मटणाच्या जेवणावर दूध चालत नाही नि कोकणात नारळाला तोटा नाही, म्हणून आपला हलवा नारळाच्या दुधातला. आता सांग, यात कोकण कुठे संपलं आणि आपली धर्मपोथी तोरा कुठे सुरू झाली?

'खरी ज्यू का' हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीलाही विचारून झालाय, तोही इस्रायलमध्ये. लग्नं अडली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ साली तिथल्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. तू पुन्हा परीक्षेला बसू नकोस. आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादातली, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीतली, चित्रं मिळाली तर जरूर बघ. मत्सा, म्हणजे सणाची बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्यात. मला तर आमचंच स्वयंपाकघर दिसलं!

हिब्रू सावकाश शीक. पुरिमला आपण होळीचा सण म्हणतो, तिशा बेआव या मंदिर पाडल्याच्या शोकदिनाला बिरड्याचा. ही नावं घेत आलीस तरी कॅलेंडर अर्धं पाठ झालं.

सुरुवात मलिद्यापासून कर. जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेव. बुडवून ठेवू नकोस. माझ्या पहिल्या मलिद्याचा लगदा झाला होता आणि प्रार्थना सांगणाऱ्या हजानसाहेबांनी तो मुकाट्याने गिळला. मग खोवलेलं खोबरं, साखर, वेलची घालून हाताने हलकं कालव, चमच्याने पोहा मोडतो. वर बदाम, बेदाणे. भोवती पाच तरी फळं. खजूर नसेल तर माझी आई ताट मांडू द्यायची नाही. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, नाव घ्यायचं, फळांवरच्या बराखा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना, म्हणायच्या. त्या मराठी लिपीत लिहून घेतल्यास तरी चालतात. 'आमच्यासारखेच' म्हणणाऱ्या मैत्रिणींनाही बोलाव. पोहे त्यांना ओळखीचे वाटतील, मग विचारतील हा एलियाहू कोण.

हलव्याच्या नादी मात्र एकटीने लागू नकोस. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, चीक काढा, मग हात भरून येईस्तोवर ढवळा. त्याला दुसरा माणूस लागतो. आईला बोलावून घे. माप विचारशील तर ती 'अंदाजाने' म्हणेल. ती पातेल्यात काही ओतायला गेली की आधी वाटी पुढे कर, मोज आणि मगच ओतू दे.