जिममधून आलो, अंग थकलं, पण झोप येत नाही

उन्हाळा लागला की नागपुरात व्यायामाची वेळ दोन टोकांना जाते : पहाटे पाचला, नाहीतर रात्री आठनंतर. या महिन्यातले बहुतेक प्रश्न त्यातूनच आलेत.

प्रश्न : वय ३०, मिहानमध्ये नोकरी. घरी यायला साडेआठ होतात. नऊ ते सव्वादहा जिम; आधी वजनं, शेवटची वीस मिनिटं हाय इंटेन्सिटी इंटरव्हल (थोडा वेळ पूर्ण जोर, थोडा दम, असं आलटून पालटून). साडेअकराला आडवा होतो आणि एक वाजेपर्यंत टक्क जागा. जिम बंद करू का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : जिम चालू ठेवा, ती शेवटची वीस मिनिटं तेवढी तिथून हलवा.

स्नायू दमले म्हणजे झोप येईलच असं नाही. झोप लागायच्या वेळी शरीराच्या आतलं तापमान उतरत असतं. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर जाते. इंटरव्हलमध्ये हेच तापमान अंशभर किंवा त्याहून जास्त चढतं आणि उतरायला तास-दीड तास घेतं. मे महिन्यात, रात्री दहालाही भिंती तापलेल्या असताना, त्याहूनही जास्त. वर ॲड्रेनॅलिन वाढलेलं आणि हृदयाचे ठोके खाली यायला तयार नाहीत. अंथरुणात पडल्यावर एक मिनिट नाडी मोजा, सकाळी उठल्याउठल्या पुन्हा मोजा. रात्रीचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी जास्त असेल, तर शरीर अजून जिममध्येच आहे असं समजा.

संध्याकाळचा व्यायाम सरसकट वाईट नाही. २०१८ साली २३ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा त्याने झोप बिघडल्याचं दिसलं नाही. अपवाद फक्त झोपेआधीच्या तासाभरात संपलेल्या जोरकस व्यायामाचा. २०२५ साली सुमारे १५ हजार लोकांच्या मनगटी यंत्रांची नोंद तपासली. त्यात व्यायाम जितका कडक आणि झोपेच्या जितका जवळ, तितकी झोप उशिरा आणि तुटपुंजी, असा कल दिसला. झोपेच्या चार तास आधी संपलेल्या व्यायामाचा मात्र त्रास नाही. दुसरी पाहणी नुसत्या नोंदींवरची आहे, तिच्यावरून कारण पक्कं ठरत नाही. तरी व्यवहारापुरतं चित्र स्पष्ट आहे : कडक व्यायामाला चार तासांचं अंतर उत्तम, दोन तास चालवून घ्यायचं, एक तास नाहीच.

तुमचा व्यायाम सव्वादहाला संपतो आणि साडेअकराला तुम्ही आडवे. म्हणून इंटरव्हल आणि जड स्क्वॉटचा दिवस शनिवार-रविवारी सकाळी घ्या. आठवड्यात रात्री नऊ ते पावणेदहा, मध्यम वजनं, प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन फेऱ्या (रेप्स) हातच्या राखून. ठोके साधारण १२० ते १४५ च्या दरम्यान ठेवा. यंत्र नसेल तर बोलून पाहा : पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. शेवटची दहा मिनिटं ट्रेडमिलवर ताशी चार किलोमीटरच्या वेगाने नुसतं चाला. मग कोमट पाण्याने अंघोळ. थंडगार पाणी अंगावर बरं वाटतं, पण त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आतली उष्णता आतच राहते. (गच्चीवरच्या टाकीचं मेमधलं पाणी तसंही कोमटच असतं.)

तुम्ही लिहिलेलं नाही, पण जिमला जाण्याआधी प्री-वर्कआउट पावडर घेत असाल तर दोष तिचाही असेल. एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन सहज असतं आणि निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. ४०० मिलिग्रॅम झोपेच्या सहा तास आधी घेऊनही झोप तासाहून जास्त घटल्याचं २०१३ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. दुपारी दोननंतर पावडर नको. आणि जिमनंतर सावजी जेवून लगेच आडवं व्हायचं, हे आठवड्यातून एकदाही नको. छातीत जळजळ ही झोपेची वेगळीच शत्रू. दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध, म्हणजे साधारण वीस ग्रॅम प्रथिनं, तेवढं रात्री पुरे. मुख्य जेवण जिमच्या आधी, ऑफिसातच उरकता आलं तर बघा.

प्रश्न : वय ६४. रात्री साडेआठलाच पेंग येते, तीनला जाग येते. पडून राहण्यापेक्षा साडेचारला उठून अंबाझरीला फिरायला जाते. निद्रानाश झालाय का? (धरमपेठ)

उत्तर : साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास. झोप फार कमी नाही काकू, ती लवकरच्या वेळेला सरकली आहे. वयाबरोबर शरीराचं घड्याळ थोडं पुढे धावतं आणि तुमचं पहाटेचं फिरणं त्याला आणखी ढकलतं. नागपुरात मेमध्ये साडेपाचनंतर लगेच सूर्य उगवतो. तो प्रकाश डोळ्यांवर पडला की घड्याळ “दिवस सुरू” म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठवतं. तरुणांना सकाळच्या उन्हात फिरा म्हणतात ते बरोबरच आहे, कारण त्यांना झोप लवकर आणायची असते. तुम्हाला ती उशिरा आणायची आहे, तेव्हा उपायही उलटा.

हिवाळ्यात हे सोपं : संध्याकाळी साडेचार ते साडेपाच उन्हात फिरायचं. सध्या ४४-४५ अंशांत ते शक्य नाही, म्हणून फिरणं संध्याकाळी सातनंतर, गच्चीत किंवा सोसायटीच्या आवारात, तीस मिनिटं. नंतर नऊ वाजेपर्यंत खोलीत भरपूर उजेड ठेवा. मंद दिव्यात टीव्हीसमोर बसाल तर डुलकी हमखास. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं उशिरा करत न्या, दहापर्यंत. तीनला जाग आलीच तर मोठा दिवा लावू नका, मोबाईल तर नाहीच. सकाळी सातपर्यंत बाहेर जाणं टाळा. दुपारची झोप वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू असेल, तर तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. पहाटे जाग येण्यासोबत दोन आठवडे मन उदास, कशात रस नाही, असं असेल तर तो घड्याळाचा विषय राहत नाही, लवकर दाखवा.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करते आहे. रोज पहाटे चारला उठून घड्याळ लावून ८०० मीटर, संध्याकाळी पुन्हा स्प्रिंट. रात्री अभ्यास साडेअकरापर्यंत. आडवी झाले की पाय वळवळतात, झोप तुटते. वेळही सुधारत नाही. (हिंगणा रोड)

उत्तर : वेळ सुधारत नाही, कारण साडेचार तासांत शरीर दुरुस्त होत नाही. पूर्ण जोराने ८०० मीटर रोज पळायची गरजच नाही. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. बाकी दिवस बोलता येईल अशा वेगाने वीस-तीस मिनिटं. स्प्रिंटही आठवड्यातून दोनदाच, साडेसहापूर्वी संपवून. झोप दहा ते पाच अशी बसवा आणि अभ्यासाचा तास संध्याकाळी काढा.

उठल्याउठल्या नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, तेही सलग तीन दिवस, तर त्या दिवशी धावायचं नाही. मैदानावरचे बाकीचे काय म्हणतील ते म्हणू देत.

पायांच्या वळवळीसाठी रक्त तपासा : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो, आणि हा त्रास त्यातूनही होतो. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नका.

प्रश्न : झोपण्यापूर्वी योगासनं चालतील का? (महाल)

उत्तर : भ्रामरी, अनुलोम-विलोम, शवासन खुशाल. भराभर सूर्यनमस्कार, कपालभाती, भस्त्रिका सकाळी.

प्रश्न : रात्री नऊला बॅडमिंटन खेळून येतो, कूलरसमोर झोपतो, तरी पावसाळ्यात घामाने जाग येते. उन्हाळ्यात असं होत नाही. (मनीषनगर)

उत्तर : कूलर कोरड्या हवेत काम करतो. जुलैत हवेत आधीच ओल असते, त्यात तो आणखी भर घालतो. घाम वाळत नाही आणि खेळून तापलेलं शरीर निवत नाही. पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. एकेरी सामने आठच्या आत, नऊला फार तर दुहेरी.