नाव बदललंस, पण वाडा तोच

प्रिय,

इंग्लंडातल्या स्विंडनला गोदामात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या माणसावरचा तुझा लेख वाचला. माणूस असा हुबेहूब उतरलाय की तिसऱ्या परिच्छेदात मीही त्याला ओळखलं असतं. मी तर त्या गावचाही नव्हे.

शेवटी 'नाव बदलले आहे' अशी ओळ टाकलीस. मुंबईत तेवढ्यानं भागत असेल, गोव्यात आपल्या सासष्टी तालुक्यात भागत नाही. चॅपलमागचं घर, तारवावरचा (जहाजावरचा) भाऊ, फुटबॉल खेळताना मोडलेला गुडघा: सुटं सुटं हे कुणाचंही असेल, तिन्ही जुळलं की एकच माणूस उरतो. मीही हे करून बसलोय. एका तारवटीवर, म्हणजे खलाशावर, लिहिताना नाव लपवलं, पण बाल्कांवावरची (घरापुढच्या ओसरीवरची) निळी लादी आणि पगाराचा आकडा मोहानं ठेवला. दुसऱ्या दिवशी पाव देतादेता पोदेरानंच त्याच्या आईला विचारलं, "पुताक इतलो पगार, बाय?" ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

तुझ्या लेखात तर पासपोर्टही आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. मात्र ते घेतलं की 1955च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम 9प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट आणि 'मतदानाला मुद्दाम गावी आला' ही हौसेची ओळ, दोन्ही छापलीस तर त्याच्याविरुद्धचा अर्ज तूच लिहून दिलास. मतदारयाद्यांवर लिहायचंय तर जरूर लिही, पण तो लेख वेगळा. याच्या विश्वासावर नको.

गाव बदलून खोटं गाव घालू नकोस. 'सासष्टीतलं एक गाव' पुरे. ब्रेक्झिटची मुदत संपण्याआधी, म्हणजे 2020 सरण्याआधी तो तिथं पोचला, हे मात्र ठेव. पोर्तुगीज, म्हणजे युरोपीय संघाच्या पासपोर्टवर त्याला तिथं राहता आलं ते त्यामुळंच, आणि तसे पुष्कळ आहेत.

'कितेंय बरय', काहीही लिही, असं तो रात्रपाळीनंतर पेंगत म्हणाला होता. ती संमती मी धरत नाही. सुट्टीच्या दिवशी फोन करून मजकूर वाचून दाखव. त्याच्या बायकोलाही विचार. बाजारात लोकांना तोंड तिलाच द्यायचंय.

आणि तो फोटो काढून टाक. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव स्पष्ट वाचता येतंय.