हस्कीचं नंतर बघू, आधी बाबांचा बाँड बाहेर काढा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. घरी पाच हस्की कुत्री, त्यात दोन माद्या, सगळं घरच त्यांच्यामागे. आता त्र्यंबक रोडच्या शेतावर केनेल, म्हणजे कुत्र्यांचं घर, बांधायचंय, एसी रूम, पिल्लांची विक्री आणि वीकेंडला येणाऱ्यांना हस्की जुंपलेल्या चाकाच्या गाडीतून फेरी. खर्च 6 लाख. बाबा 61 वर्षांचे, नुकतेच रिटायर, त्यांच्या 14 लाखांच्या एफडीतून हे 6 काढू का, एवढाच प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, "पुढच्या खर्चाचं टेन्शन नाही, बँकेतल्या मॅडमनी बाबांना 15 टक्के गॅरंटीवाली स्कीम दिलीये, बाँड 18 दिवसांपूर्वी आला."

टेन्शन नाही?? अहो खरं टेन्शन तेच आहे.

बाँडचे, म्हणजे पॉलिसीच्या कागदांचे, फोटो पाठवलेत ते बरं केलंत. ही स्कीम नाही, लाइफ इन्शुरन्सची पॉलिसी आहे. 10 वर्षं दरवर्षी 2 लाख भरायचे, मग बारावं वर्ष संपलं की पुढे 12 वर्षं 3-3 लाख मिळणार. 20 लाखावर 3 लाख म्हणजे 15 टक्के, असं कागदावर मांडून दाखवलं असणार. पण ते 20 लाख वेगळे परत येतच नाहीत, त्या 3 लाखांतच ते आले. 20 चे 36 होतात आणि त्यासाठी पैसे सरासरी 13 वर्षं अडकतात, म्हणजे रिटर्न साडेचारच्या थोडा वर, एफडीपेक्षा कमी. पहिले 3 लाख हातात येतील तेव्हा बाबा 73 चे, आणि हस्की जगतो साधारण 12 ते 14 वर्षं, तुमच्यातली सगळ्यात लहान आज 3 ची आहे, तर हे पैसे नक्की कोणाच्या खाण्यासाठी?

शिवाय पुढचे नऊ हप्ते भरणार कोण, पगार तर बंद झालाय. 14 मधून 6 केनेलला गेले की उरले 8, म्हणजे चार हप्ते, आणि त्यात आईबाबांचं घर चालायचंय. मधेच बंद केली तर भरलेल्यातलंही बरंच जातं.

आता नीट वाचा. बाँड हातात आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला. तुमचे 12 दिवस उरलेत. अर्ज बाबांच्या सहीने, थेट इन्शुरन्स कंपनीच्या ब्रांचला, आणि ईमेलही टाका. बँकेत देऊन येऊ नका, तिथे "साहेब सुट्टीवर आहेत" करत दिवस काढतात. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल असं किरकोळ कापून 2 लाख परत येतील. टाळाटाळ केली तर इर्डाच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. पैसे आले की एफडीतलेही जोडून 12 लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, व्याज आठच्या वर आहे, महिन्याला 8 हजार धरा (मिळतं तिमाहीला).

आता हस्की. तुम्ही वर्षाला चार वेत धरलेत, पाच-पाच पिल्लं, 25 हजारांनी 5 लाख. ब्रीडिंगचे 2017 चे नियम बघा, एका मादीचं वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाच, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी नसेल तर धंदाच करता येत नाही. म्हणजे दोन माद्यांचे अडीच लाख, तेही सगळी पिल्लं जगली आणि पार्वो (पिल्लांना मारणारा साथीचा रोग) आला नाही तर. खर्च तुम्हीच लिहिलाय, खाणं, लसी, गोचिडाचं औषध धरून महिन्याला 28 हजार, वर्षाला सव्वातीन लाखाच्या वर, उन्हाळ्यातलं एसीचं बिल वेगळं.

गाडीच्या फेऱ्या तर सोडूनच द्या. हा सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फासाठी घडवलेला कुत्रा, अंगावर दुहेरी केस. बाहेरच्या देशांतले लोकही उन्हाळ्यात चाकाच्या गाडीवर सराव घेतात तर गारवा असताना, पहाटे. आपल्याकडे निफाडला पारा दहाच्या खाली येतो ते डिसेंबर-जानेवारीचे दिवस, त्यातही पहाट, आणि तुमचं गिऱ्हाईक नाश्ता करून अकराला येणार. एप्रिलात 40 मध्ये गाडी ओढायला लावलीत तर उष्माघाताने कुत्रं जाईल.

तेव्हा 6 लाख नाही. शेतावर नको, घरातल्याच एका खोलीला एसी आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, दीड लाखाच्या आत बसवा, आणि हे पैसे तुमच्या पगारातून, बाबांच्या एफडीतून नाही. पिल्लं विकायचीच असतील तर आधी नोंदणी करा. पण फ्री लुकचा अर्ज उद्याच द्या, पोच शिक्क्यासकट घ्या, आणि मॅडमचा फोन आला की बाबांना उचलू देऊ नका, तुम्ही उचला.