देणगी प्रवेशिका म्हटलं तरी ते तिकीटच

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्रनगरात आमचं हौशी नाट्यमंडळ आहे, रीतसर नोंदणी झालेलं. गेल्या गणेशोत्सवात आम्ही एक दोन अंकी विनोदी नाटक मांडवात केलं, प्रवेश मोफत होता. लोकांना इतकं आवडलं की यंदा सभागृह घेऊन २०० रुपयांच्या देणगी प्रवेशिका ठेवतो आहोत. पैसे मंडळाच्या नाट्यनिधीत जातील. प्रयोगाला पाच आठवडे उरलेत. पुस्तक कुठे मिळत नाही म्हणून झेरॉक्सवरून तालमी चालल्यात. नाटकातले पुण्याचे संदर्भ आम्ही इंदूरचे केले, शेवटही थोडा बदलला. गेल्या वर्षीचा प्रयोग यूट्यूबवर आहे. लेखक २०११ मध्ये वारले. आता पुण्याहून एका निर्मात्यांचा फोन आला : ‘हक्क माझ्याकडे आहेत, २५,००० भरा, नाहीतर केस करतो.’ आम्ही कुणी पोटासाठी नाटक करत नाही. तरी पैसे द्यावे लागतील का?

उत्तर : ताई, मानधन द्यावं लागेल. ते या गृहस्थांनाच द्यायचं की आणखी कुणाला, हे मात्र अजून ठरायचं आहे.

‘आम्ही हौशी आहोत’ हे वाक्य माझ्याकडे येणारं प्रत्येक मंडळ पहिल्या मिनिटात उच्चारतं. कायद्यात हौशी मंडळांना सवलत आहे, नाही असं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एल) प्रमाणे हौशी मंडळाने नाटक केलं आणि प्रेक्षकांनी पैसे मोजलेले नसले, किंवा प्रयोग एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असला, तर तो हक्कभंग ठरत नाही. नटांना नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, मिळते की नाही एवढ्यावर हे थांबत नाही, दारावर काय घेतलं तेही बघितलं जातं. म्हणून गेल्या वर्षीचा मांडवातला प्रयोग, निदान प्रयोग म्हणून, या सवलतीत बसतो. यंदाचा बसत नाही. २०० रुपये दिल्याशिवाय आत सोडणार नसाल, तर त्या कागदावर ‘देणगी प्रवेशिका’ छापा नाहीतर ‘सस्नेह निमंत्रण’, न्यायाधीश त्याला तिकीटच म्हणतील. दार सगळ्यांना उघडं ठेवून बाजूला ऐच्छिक दानपेटी ठेवली असती, तर तुमच्या बाजूने वाद घालायला मला जागा होती. एखाद्या सराफाची जाहिरात घेऊन प्रवेश मोफत ठेवलात तरीही होती, कारण तिथे प्रेक्षक पैसे देत नाही.

आता तुमच्या खजिनदारांना एव्हाना सुचलंच असेल : गणपतीचं मंडळ म्हणजे धार्मिक संस्थाच की! हा रस्ता धरू नका. पैसे नाट्यनिधीत जाणार हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. एखाद्या मंदिराच्या न्यासासाठी खरोखर प्रयोग करून सगळी रक्कम त्यांच्या खात्यात भरली, तर गोष्ट वेगळी.

हक्क किती काळ चालतो, तेही बघू. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे तुमच्या नाटकावर वारसांचा हक्क ३१ डिसेंबर २०७१ पर्यंत आहे. पुस्तक बाजारात नाही म्हणून हक्क संपत नाही, आणि नाटकाची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी नसली तरी फरक पडत नाही. झेरॉक्सच्या पहिल्या पानावर बघा, प्रयोगाचे हक्क कुणाकडे आणि परवानगीसाठी पत्ता कोणता, हे मराठी नाटकांच्या पुस्तकांत बहुधा तिथेच छापलेलं असतं. आपली मंडळी झेरॉक्स काढताना नेमकं तेच पान गाळतात, पात्रपरिचयापासून सुरू करतात. (मीही कॉलेजात असताना तेच केलं होतं, तेव्हा वकील नव्हतो.) सेन्सॉरचा शिक्का असलेली संहिता कुणी दिली, तर तीही परवानगी नव्हे. महाराष्ट्रातल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने ती तपासली, एवढाच त्याचा अर्थ.

निर्मातेसाहेबांकडे वळू. त्यांचा फोन खरा असू शकतो, पण फोनवर हक्क सिद्ध होत नाहीत. हक्क दुसऱ्याच्या नावे करून द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा कागद लागतो, आणि कोणतं नाटक, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, हे त्यात असावं लागतं. त्यांना नम्रपणे लिहा की कराराची प्रत पाठवा. ती आली की तीन गोष्टी बघा. एक, त्यांच्याकडे सगळे हक्क आहेत की फक्त व्यावसायिक प्रयोगांचे? पुष्कळ लेखक व्यावसायिक हक्क निर्मात्याला देतात आणि हौशी प्रयोगांची परवानगी स्वतःकडे ठेवतात. दोन, मुदत. करारात ती लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. मात्र हा नियम १० मे १९९५ च्या आधीच्या करारांना लागू नाही, तेव्हा कागदावरची तारीख आधी वाचा. तीन, सही लेखकाची आहे की वारसांची, आणि वारसांची असेल तर सगळ्यांची आहे का. प्रत मागितल्यावर साहेब नुसतेच आवाज चढवू लागले, तर निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागायची सोय कलम ६० मध्ये आहे. पण ते शेवटचं शस्त्र. आपल्याला केस करायची नाही, नाटक करायचं आहे.

त्यांचं उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. त्याच दिवशी वारसांना पत्र टाका. पत्ता प्रकाशकाकडे मिळतो. पत्नी, मुलं, कुणी परदेशी असेल तर तेही, सगळ्यांची संमती हवी, किंवा एकाला बाकीच्यांनी अधिकार दिल्याचा कागद. थोरल्या चिरंजीवांनी फोनवर ‘करा हो, बाबांना आनंदच झाला असता’ म्हणणं गोड आहे, पण धाकटी बहीण नंतर नोटीस पाठवू शकते. पत्रात प्रयोगाची तारीख, सभागृह, आसनसंख्या, प्रवेशिकेचा दर, प्रयोग किती आणि देऊ केलेलं मानधन लिहा. रक्कम सरकारने ठरवलेली नाही, ती बोलून ठरते. आसनसंख्या आणि दर सांगितलात की समोरच्यालाही कळतं की हे मुंबईचं व्यावसायिक नाटक नाही, आणि २५,००० चा आकडा पुष्कळदा खाली येतो. पैसे खात्यात भरा, पावती घ्या.

बदलांबद्दल माझं मत जरा कडक आहे. शनिवारवाड्याचा राजवाडा केलात, मिसळीच्या जागी पोहे-जिलबी आणलीत, हे मी समजू शकतो, इथल्या प्रेक्षकाला ते जवळचं. पण शेवट बदलणं? रूपांतराचा हक्क प्रयोगाच्या हक्कापेक्षा वेगळा आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे कृतीची मोडतोड होऊन लेखकाच्या नावाला बाधा येत असेल, तर वारस हरकत घेऊ शकतात, मग तुम्ही मानधन दिलेलं असो वा नसो. बदललेली पानं पत्रासोबत जोडा. ते नाही म्हणाले तर मूळ शेवट करा. तो तुम्हाला पटत नसेल तर नाटक बदला.

यूट्यूबवरचा व्हिडिओ आजच खाजगी करा. मांडवातल्या फुकट प्रयोगाची सवलत तिथे पोहोचत नाही. यंदाच्या चित्रीकरणाची परवानगी पत्रातच स्वतंत्रपणे मागा. दोन प्रवेशांच्या मध्ये सिनेमाची गाणी वाजवत असाल तर त्यांचा परवाना आणखी वेगळा. त्यापेक्षा मंडळातल्या कुणाला तरी पेटीवर बसवा.

सगळं दुर्लक्षून प्रयोग केलात तर? वारस पुण्यात राहत असतील तर दावा पुण्यात लावू शकतात, तारखांना तुम्ही जाल. मनाईहुकूम प्रयोगाच्या आदल्या दिवशीही येऊ शकतो. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख दंड आहे. धंदा म्हणून केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. फोन येऊन गेल्यावर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हेही म्हणता येणार नाही.

उत्तरासाठी दोन आठवडे द्या. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. तोवर हाताशी दुसरं नाटक असू द्या : देवल, गडकरी, खाडिलकर केव्हाचेच मोकळे आहेत, आणि मामा वरेरकर १९६४ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून तेही. अत्र्यांना हात लावू नका, ते २०२९ संपेपर्यंत बंद. आणि प्रवेशिका अजून छापायला टाकल्या नसतील, तर थांबा.