शाल नंतर, आधी मिनिट बुकं काढा

प्रश्न : ताई, मी मुलुंड पूर्वेच्या एका लायन्स क्लबचा यंदाचा सचिव. वय 38, म्हणजे आमच्या क्लबात मी अजून बाळच. एप्रिलमध्ये आमचा सनद दिन (क्लबाला मान्यता मिळाली तो दिवस) आहे आणि त्या दिवशी 25 वर्षं पूर्ण केलेल्या सदस्यांचा सत्कार करायचं अध्यक्षांनी ठरवलंय. 9 नावं निघाली, खर्चाला 45 हजार मंजूर झाले, आणि तिथून भांडणं सुरू झाली. एक काका मधे 4 वर्षं मस्कतला होते, तेव्हा त्यांचं सदस्यत्व सुटलं होतं. ती वर्षं धरायची का, आणि नाही धरली तर मोजणी पुन्हा शून्यापासून करायची का? एक काकू आमच्या रजिस्टरप्रमाणे 1996 पासूनच्या आहेत, पण त्या म्हणतात, ‘मी 1983 पासून राबतेय.’ आमचे सगळ्यात ज्येष्ठ काका, वय 83, स्टेजवर यायलाच तयार नाहीत. म्हणतात, ‘शाली झेलायला आता खांदे उरले नाहीत.’ शिवाय कुणी सुचवतंय, सगळ्यांना एमजेएफच (मेल्विन जोन्स फेलो) करून टाकू. शाल, श्रीफळ, ट्रॉफी सोडून काही सुचवाल का?

उत्तर : सचिवसाहेब, मस्कतच्या काकांचं पटकन मिटतं. सदस्यत्व सोडून परत आलेल्या लायनची आधीची सेवा पुसली जात नाही, ती एकूण सेवेत मिळवली जाते. म्हणजे जाण्याआधीची वर्षं अधिक परत आल्यानंतरची वर्षं. मधली 4 वजा. तेवढं करूनही 25 भरत असतील तर नाव यादीत, नसतील तर पुढच्या वर्षी. काकांना हे सभेत सांगू नका, घरी जाऊन चहा घेता घेता सांगा.

एमजेएफचा विचार मात्र आत्ताच डोक्यातून काढा. मेल्विन जोन्स फेलो हा मान लायन्सच्या प्रतिष्ठानला 1000 डॉलर दिल्याबद्दल मिळतो. स्वतः द्या किंवा दुसऱ्याच्या नावाने द्या. मेल्विन जोन्स हा शिकागोचा विमा व्यावसायिक, त्याने 1917 साली ही चळवळ उभी केली, म्हणून त्याचं नाव. मान चांगलाच आहे, त्या पैशातून कामंही होतात. पण त्याचा आणि 25 वर्षांचा संबंध नाही. काल आलेला सदस्यही चेक फाडून एमजेएफ होऊ शकतो. वर्षांसाठी संस्थेची वेगळी खूण आहे, शेवरॉन पिन. 10 वर्षांपासून पुढे दर 5 वर्षांच्या टप्प्यावर ती मिळते. तुमच्या क्लबाच्या कपाटात, त्या घंटा-हातोड्याच्या पेटीशेजारी, न वाटलेल्या शेवरॉनची पाकिटं सापडतील याची मी पैज लावते. आमच्या कपाटात 6 सापडली होती. त्यातले दोघे तोवर वारले होते.

आता काकूंचं. इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगते.

मी 1981 साली पार्ल्यात लायनेस झाले. नवरा लायन, म्हणून बायको लायनेस. तेव्हा लायन्समध्ये बायकांना प्रवेशच नव्हता, तो 1987 मध्ये मिळाला. तोवर आमचा क्लब वेगळा, सभा वेगळ्या, आणि काम मात्र तेच. नेत्रशिबिरं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात असायची, जव्हार-मोखाड्याकडे (आता तो पालघर जिल्हा). त्या वेळचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी नव्हे. डोळ्यावर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. पेशंट दिवसेंदिवस पडून. त्यांना चमच्याने पेज भरवायची, भांडं द्यायचं, रात्री कुणी झोपेत पट्टी ओढत नाही ना ते बघायचं. हे कोण करत होतं? शेवटी ते सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे वाटले जायचे. फोटोत चष्मा देणारा हात नेहमी लायनचा. आम्ही फोटोच्या बाहेर, पातेली घासत.

तेव्हा तुमच्या काकू 1983 म्हणतात ते हट्टाने म्हणत नाहीत. लायनेस म्हणून केलेल्या सेवेची वर्षंही लायनच्या सेवेत धरून घेण्याची सोय आता संस्थेने केली आहे. ती डिस्ट्रिक्टच्या (आपल्या भागातल्या क्लबांच्या वरच्या संघटनेच्या) माणसांकडून समजून घ्या, अर्ज करा आणि काकूंच्या नावापुढे 1983 लिहा. पुरावा मागू नका. म्हणजे मागावा लागला तर जुने फोटो मागा, कडेला अर्धवट कापलेली कोण दिसते ते बघा.

आणि मग सत्काराचं. माझ्या पंचविशीचा सत्कार झाला होता तो सांगते, म्हणजे काय करायचं नाही ते कळेल. आम्ही 11 जण होतो. कार्यक्रम 7 चा, प्रमुख पाहुणे साडेआठला आले. मग प्रोटोकॉल. तुम्हाला माहीत आहे लायन्सचा प्रोटोकॉल : माजी गव्हर्नर (म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, राज्यपाल नव्हेत), आजी गव्हर्नर, होऊ घातलेले गव्हर्नर, रीजन, झोन, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाच्या नावामागची अक्षरं, प्रत्येकाला पुष्पगुच्छ. आमची पाळी आली तेव्हा मागून कॅटरर खुणावत होता. प्रत्येकी 40 सेकंद. घरी येऊन मानपत्र वाचलं, ‘हसतमुख, मनमिळाऊ आणि सेवाभावी व्यक्तिमत्त्व.’ बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की गडबडीत मी शेजारच्या गृहस्थांचं मानपत्र आणलंय. अदलाबदल करायला गेले तर मजकूर शब्दन् शब्द तोच, फक्त नाव वेगळं. ते गृहस्थ, देवाशपथ सांगते, 25 वर्षांत एकदाही हसलेले नव्हते! ट्रॉफी ॲक्रिलिकची होती. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे ती अजून उपयोगी आहे.

म्हणून तुम्ही धोबी तलावला ट्रॉफ्या बघायला जाण्याआधी क्लबाची जुनी मिनिट बुकं, म्हणजे सभांच्या नोंदवह्या, काढा. बुलेटिनं असतील तर तीही. 9 तरुण सदस्य निवडा, तेवढे नसतील तर लिओ क्लबातली (लायन्सच्या युवा शाखेतली) मुलं घ्या, आणि एकेकाला एकेक ज्येष्ठ वाटून द्या. घरी जायचं, तासभर बसायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. पण ‘आपल्या योगदानाबद्दल सांगा’ असं विचारलंत तर मेलात. समोरचा माणूस लगेच भाषण सुरू करतो, ‘समाजाचं आपण देणं लागतो.’ बारीक विचारा. पहिल्या शिबिराला कशाने गेलात? टेम्पोचं भाडं कुणी दिलं? स्वयंपाक कुणाचा होता? कोण रुसलं होतं? पैसे कमी पडले तेव्हा काय केलंत?

मी एकदा अशा एका काकांकडे गेले होते. अर्धा तास नुसतं ‘काही विशेष नाही हो.’ निघताना चपला घालता घालता मी विचारलं, 26 जुलैला तुम्ही कुठे होतात? मुंबईत 2005 च्या 26 जुलैबद्दल विचारलं की गप्प बसणारा माणूस मला अजून भेटायचाय. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. लोकल बंद, माणसं ऑफिसातून चालत निघालेली, कमरेएवढ्या पाण्यातून. काका म्हणाले, ‘आमचं गॅरेज जरा उंचावर होतं. क्लबाची शिबिराची पातेली तिथेच असायची. मग चहा टाकला. नंतर खिचडी.’ किती वाजेपर्यंत? ‘दुसऱ्या दिवशी दुपारी गॅस संपला तोपर्यंत.’ किती माणसं आली असतील? ‘मोजली नाहीत. पातेलं 11 वेळा चढवलं एवढं आठवतं.’ पातेलं 11 वेळा चढवलं, हे कुठल्याच मिनिट बुकात नव्हतं. त्या महिन्याच्या मिनिट्समध्ये होतं, ‘पावसामुळे सभा रद्द.’

असं प्रत्येकाचं एक पातेलं शोधा. त्या मुलाने किंवा मुलीने ते कार्यक्रमात 3 मिनिटांत सांगायचं, कागद न वाचता. 9 जणांचं अर्ध्या तासात होतं. पाहुण्यांना 5 मिनिटं द्या आणि तसं निमंत्रणातच छापा.

पैशांचं म्हणाल तर त्याच 9 गोष्टींची आणि जुन्या फोटोंची एक पातळ पुस्तिका छापा, बांधीव. प्रत्येक घरी 5 प्रती, म्हणजे मुलं-नातवंडं धरून. उरलेल्यात खाणंपिणं. मानपत्राऐवजी हेच द्या आणि शेवरॉन अध्यक्षांनी स्वतः कोटाला किंवा पदराला लावावं. एखाद्या सदस्याला निवृत्तीनंतर वार्षिक वर्गणी जड जात असेल, तर आजीव सदस्यत्वाचाही विचार करा. 20 वर्षं झालेल्यांना, किंवा वय 70 आणि 15 वर्षं झालेल्यांना, क्लबाच्या शिफारशीने एकरकमी पैसे भरून ते घेता येतं. पुढची आंतरराष्ट्रीय वर्गणी मग कायमची सुटते. रक्कम डॉलरमध्ये आहे, तुमच्या 45 हजारांत बसणार नाही, वेगळी वर्गणी काढावी लागेल. आणि हे जाहीर करायचं नाही. कुणाला जड जातंय हे खजिनदाराला माहीत असतं, त्यालाच विचारा.

किरकोळ पण महत्त्वाचं : रविवार नको. मेगाब्लॉक असतो आणि 75 च्या पुढची माणसं ठाण्याला उतरून रिक्षा शोधत बसत नाहीत. शनिवारी 5 वाजता ठेवा. लिफ्ट असलेला हॉल घ्या. सत्कारमूर्ती स्टेजवर चढणार नाहीत, पहिल्या रांगेत बसतील, पदाधिकाऱ्यांनी खाली उतरायचं. जेवण 8 ला, आणि त्यात बिनसाखरेचं काहीतरी.

राहिले 83 वर्षांचे काका. तुमच्या पत्रात एका ओळीत लिहिलंय की ते पूर्वी 6 वर्षं टेल ट्विस्टर होते. (क्लबाबाहेरच्या वाचकांसाठी : हा लायन्समधला गमतीचा पण अधिकृत पदाधिकारी. सभेत कुणी उशिरा आलं, कुणाचा बॅज विसरला, कुणी फार बोललं की हा त्याला दंड करतो. दंडाचे पैसे क्लबाच्या कामाला.) मग त्यांना सत्काराचं विचारूच नका. फोन करून सांगा, काका, त्या दिवशी टेल ट्विस्टर नाहीये, याल का? हातात पत्र्याचा डबा द्या, दाराजवळची खुर्ची द्या. 5 मिनिटांपुढे बोलणाऱ्या प्रत्येकाला दर मिनिटाला 100 रुपये दंड. पाहुण्यांनाही. गव्हर्नरांना दुप्पट. त्यांची 3 मिनिटांची गोष्ट तिथेच, डबा मांडीवर असताना सांगा. पिनही तिथेच लावा.

डब्यात किती जमले ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझे वडील 79 वर्षांचे, 30 वर्षं रोटेरियन आहेत. गुडघ्यांमुळे दर आठवड्याला सभेला जाणं होत नाही. हजेरी कमी पडली की नाव कापतील या धास्तीने ते परवा पावसात टॅक्सीने चर्चगेटला निघाले होते! (गिरगाव)

उत्तर : त्यांना घरी बसवा आणि हे वाचून दाखवा. रोटरीत वय आणि सदस्यत्वाची वर्षं यांची बेरीज 85 किंवा जास्त असेल आणि किमान 20 वर्षं पूर्ण झाली असतील, तर हजेरीतून सूट मागता येते. तुमच्या बाबांची बेरीज 109 होते. सचिवाला एक पत्र द्यायचं, मंडळाने मंजूर करायचं, संपलं. सदस्यत्व तसंच राहतं.

पण पत्र त्यांच्या हाताने लिहून घ्या आणि आधी नीट विचारा, त्यांना खरंच सूट हवी आहे का. मला संशय आहे की धास्ती हजेरीची नाहीच. 30 वर्षं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडणारा माणूस आहे तो. तसं असेल तर क्लबातल्या कुणा गाडीवाल्याला महिन्यातून एकदा गिरगावातून यायला सांगा. रस्त्यातच तर आहे.

प्रश्न : सासऱ्यांना सत्कारात मिळालेल्या 14 शाली कपाटात आहेत. मुंबईच्या घामात त्या कोण पांघरणार? देऊन टाकल्या तर त्यांना वाईट वाटेल का? (डोंबिवलीहून दादरला रोज येणारी एक सून)

उत्तर : एक त्यांना निवडू द्या, कुठल्या सत्काराची ते तेच सांगतील आणि त्यात एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. उरलेल्या 13 डिसेंबरात जव्हारकडे जाणाऱ्या कुठल्याही शिबिराच्या गाडीत टाका. तिथे थंडी पडते. माझ्या 9 तशाच गेल्या. एक तर वर्षाने मला एका आजींच्या खांद्यावर दिसली, जरीच्या अक्षरात माझ्या क्लबाचं नाव, आणि त्या मला विचारत होत्या, ‘तू कुठली गं?’