वाचकांचे प्रश्न : कादंबरी सुचवताना काय सांगावे?

प्रश्न : मला ऐतिहासिक प्रेमकथा फार आवडतात. ‘राऊ’ वाचून मी भारावून गेले होते, म्हणून वाचनगटातल्या एका मैत्रिणीने मला एक इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स आवर्जून दिला. पण त्यातला गोड शेवट सुरुवातीपासूनच दिसू लागला आणि माझा रस गेला. उलट मी तिला दिलेली ‘राऊ’ तिने अर्धी वाचून परत केली, कारण पुढचे दुःख तिला सोसवेना. आमच्या आवडी जुळतच नाहीत, असे समजायचे का?

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. तुम्हा दोघींना गतकाळ आणि प्रेम या दोन्ही गोष्टी हव्या आहेत. फरक आहे तो कादंबरीने वाचकाला सुरुवातीलाच दिलेल्या वचनात. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ बाजीराव आणि मस्तानी यांची कथा सांगते, आणि बाजीरावांचा अकाली मृत्यू १७४० मध्ये झाला हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मध्येही तसेच आहे : माधवराव आणि रमाबाई यांच्यातला प्रत्येक हळवा प्रसंग आपण १७७२ मधला तो अंत मनात धरूनच वाचतो. नायक-नायिका इतिहासातली असली की त्यांचे भवितव्य बदलण्याची मुभा लेखकाला नसते, आणि या कादंबऱ्यांची सारी व्याकुळता त्या अटळपणातून येते.

इंग्रजीतील ऐतिहासिक रोमान्समध्ये काळ खरा असला, तरी प्रेमी जोडी बहुधा कल्पित असते. तिथे दोघांचे मीलन होणार, हे वाचकाने गृहीत धरलेले असते आणि सारी उत्कंठा ते कसे होणार यात असते. मैत्रिणीला ती खात्री हवी आहे, तुम्हाला ती नकोशी वाटते. यात कोणाचीही अभिरुची उणी ठरत नाही. म्हणून पुस्तक देण्याघेण्यापूर्वी ‘यातली मुख्य पात्रे इतिहासातली आहेत की कल्पित?’ एवढा एक प्रश्न जरूर विचारावा. माझ्या मते कादंबरी कोणत्या काळात घडते या माहितीपेक्षा याच उत्तराचा उपयोग अधिक होतो.

तुम्हा दोघींनाही चालेल असे एक पुस्तक सुचवते. जॉर्जेट हेयर यांची ‘ॲन इन्फेमस आर्मी’ ही कादंबरी १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रेमी जोडी कल्पित आहे. परंतु पार्श्वभूमीला १८१५ मधले ब्रुसेल्स शहर आहे, आणि तिथल्या मेजवान्या व नृत्यसमारंभ यांच्यातून कथानक थेट वॉटर्लूच्या रणांगणावर जाते. लढाईचे वर्णन इतके बारकाईने आणि अभ्यासपूर्वक केले आहे, की इतिहासासाठी वाचणाऱ्याचेही समाधान व्हावे. मैत्रिणीला मात्र आधीच सांगून ठेवा, की शेवटच्या भागात सैन्याच्या हालचालींनी बरीच पाने व्यापली आहेत आणि तेवढा काळ प्रेमकथेला थांबावे लागते.

डायना गॅबाल्डन यांची १९९१ मधली ‘आउटलँडर’ही या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. तिची नायिका १९४५ मधून थेट १७४३ च्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पोहोचते. नायक-नायिका कल्पित असली, तरी १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा, पराभव होणार हे वाचकालाही ठाऊक असते आणि नायिकेलाही, त्यामुळे सुखाच्या प्रसंगांवरही त्याची सावली राहते. ही कादंबरी सुचवणाऱ्यांपैकी अनेकजण तिच्यातील छळाच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रसंगांविषयी काहीच बोलत नाहीत, हे मला मुळीच पटत नाही. असे प्रसंग वाचायचे की नाहीत, हे पुस्तक हाती घेण्यापूर्वी ठरवण्याची संधी प्रत्येक वाचकाला मिळायला हवी.

प्रश्न : प्रेमकथा असलेली फँटसी वाचायची आहे, असे म्हटले की मला सगळे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च सांगतात. मी दोनदा अडखळलो. दुसरे काही सुचवाल का?

उत्तर : टॉल्किन यांची ही महाकादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली आणि तिचे थोरपण वादातीत आहे, पण अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेन यांच्या प्रेमाची कहाणी मुख्य कथेत नव्हे, तर मुख्यतः परिशिष्टात येते. प्रेमकथेच्या ओढीने आलेल्या वाचकाला तिकडे पाठवणे म्हणजे त्याची मागणी नीट न ऐकणे होय.

तुम्ही नाओमी नोविक यांच्या ‘अपरूटेड’पासून (२०१५) आरंभ करावा. दर दहा वर्षांनी खोऱ्यातली एक मुलगी आपल्या मनोऱ्यात नेणारा जादूगार, या वेळी अनपेक्षितपणे निवडली गेलेली अग्निएश्का आणि माणसांना गिळंकृत करणारे दुष्ट अरण्य, अशी ही कथा असून तिला पोलिश लोककथांचा गंध आहे. ती एकाच पुस्तकात पूर्ण होते, ही नवख्या वाचकासाठी मोठीच सोय आहे. जादूगार बराच काळ तुसडा वागतो आणि काही वाचकांना तो अखेरपर्यंत आवडत नाही; मला स्वतःला त्या प्रेमापेक्षा अग्निएश्का आणि तिची मैत्रीण कासिया यांचे नाते अधिक खोल वाटले.

इतिहास आणि अद्भुत दोन्ही हवे असेल, तर कॅथरिन आर्डेन यांची २०१७ मध्ये सुरू होऊन २०१९ मध्ये पूर्ण झालेली त्रयी घ्यावी. ‘द बेअर अँड द नाइटिंगेल’ हे तिचे पहिले पुस्तक. मध्ययुगीन रशियातील बर्फाळ अरण्य, घराघरांतली गृहदैवते आणि ती पाहू शकणारी वास्या यांची ही कथा आहे. प्रेमाचा धागा पहिल्या पुस्तकात अगदी पुसट आहे आणि पुढच्या दोन पुस्तकांत तो ठळक होत जातो, हे ध्यानात ठेवूनच वाचायला बसावे.

प्रश्न : पुस्तक सुचवताना शेवट कितपत सांगावा?

उत्तर : काय घडते ते सांगू नये; शेवट सुखाचा आहे की दुःखाचा, हे समोरच्याने विचारल्यास प्रामाणिकपणे सांगावे. मालिका पूर्ण झाली आहे की नाही, हे मात्र न विचारताही सांगितलेच पाहिजे. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि सहाव्यासाठी वाचकांना दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. काहींना अशी प्रतीक्षाही प्रिय असते, पण ती पत्करायची की नाही याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.